मारलेलं प्यादं धरून बसू नकोस

चि. सोनूस,


स्पर्धेत हरलेला डाव तू न लपवता लिहून पाठवलास, याचं मला फार कौतुक वाटलं. मी तो पटावर मांडून पाहिला.

पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं डी४ वर आणलं, तू डी५ केलंस. त्याने सी४ खेळून प्यादं देऊ केलं आणि तू ते मारलंस. इथवर काहीच चुकलं नाही. क्वीन्स गॅम्बिटमध्ये ते प्यादं घेणं हा मान्य मार्ग आहे. मग त्याने ई३ केलं आणि मिळालेलं प्यादं राखायला तू बी५ खेळलीस. डाव तिथेच बिघडला. त्याचं ए४, तुझं सी६, बी५ वर मारामारी, आणि सहाव्या खेळीला त्याचा वजीर एफ३ वर! कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंतचा तिरका रस्ता तूच मोकळा केला होतास. आता हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट द्यावाच लागतो. इटालियन खेळाडू ग्रेकोने १७व्या शतकात हाच सापळा नोंदवून ठेवला आहे; त्यात अडकणारी तू पहिली नाहीस.

पांढरा ते प्यादं देतो ते पटाच्या मध्यावर ताबा मिळवण्यासाठी. म्हणून ते घे आणि परत जाऊ दे. त्याचा उंट ते परत घेईपर्यंत तू घोडा एफ६ वर काढ, ई६ कर, सी५ने त्याच्या केंद्राला धक्का दे, किल्लेकोट कर. किंवा घेऊच नकोस. १९२७ साली ब्युनॉस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ पैकी ३२ डाव ते प्यादं न घेण्याच्या पद्धतीने खेळले गेले.

आता पंधरा खेळ्या पाठ करणार, असं तू लिहितेस. तसं करू नकोस. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंच्या डावात समोरचा पाचव्या खेळीलाच पुस्तकातल्या खेळ्या सोडतो, मग पाठांतर कामाला येत नाही. प्रत्येक खेळीआधी दोन प्रश्न विचार: या खेळीने कोणता रस्ता उघडतो? माझं कोणतं मोहरं आधाराविना राहतं? आणि हरल्यावर संगणकाकडे धावण्याआधी प्रतिस्पर्ध्याशेजारी बसून डाव पुन्हा मांड. त्याने काय पाहिलं आणि तू काय पाहिलं नाहीस, ते तिथे कळेल.

पुढच्या वेळी काळी मोहरी आली की हीच सुरुवात न घाबरता खेळ, आणि तो डावही मला लिहून पाठव.

तुझा,
मामा