ग्रीन कार्ड आलं म्हणून फायली काढू नकोस

सूनबाई म्हणाली, कार्ड हातात पडल्या पडल्या तू कपाट आवरायला घेतलंस आणि एच-वनच्या जाडजूड फायली रद्दीत काढल्यास. आत्याचं ऐक, त्या परत आत ठेव.

तू इथला कायमचा रहिवासी आहेस एवढंच कार्ड सांगतं. कसा झालास त्याचा त्यावर नुसता कोड असतो, तपशील नसतो, आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा एन-४०० भरशील तेव्हा अधिकारी तेही उकरू शकतो. म्हणून आय-७९७ मंजुरीपत्रं एकूण एक ठेव, मुदत संपलेलीसुद्धा. काहींच्या तळाशी आय-९४ असतो, तो फाडून कुठेतरी टाकू नकोस. विद्यार्थी असतानाचे आय-२०, ईएडी कार्डं, आय-४८५ची पावती हेही हवं. आय-१४०ची मंजुरी पुष्कळांकडे नसतेच, कारण तो अर्ज कंपनीचा. नोकरी सोडायच्या आधी एचआरकडून गोडीगुलाबीनं प्रत घे. सोडल्यावर कोण विचारतंय! पगाराच्या स्लिपा आणि डब्ल्यू-टू वर्षवार लाव. ज्या कंपनीमुळे कार्ड मिळालं तिथे तू खरंच काम केलंस, हे त्यावरूनच दिसतं. सरकारकडून आपली फाइल मागवता येते, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखी सोय आहे, पण ताटकळावं लागतं.

वकिलाच्या पत्रांच्या चार-चार प्रती आणि अर्धवट भरलेले फॉर्म मात्र खुशाल फाड. नुसते टाकू नकोस, त्यावर तुझा ए-नंबर असतो.

खरी मेख आपल्या नावांत आहे. सूनबाईच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही, नुसतं 'मुलगी' आणि तारीख. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतरच्या पासपोर्टवर तुझं, आडनाव तर बदललंच. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण इथल्या टेबलापलीकडच्या माणसाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. हे दोन्ही दाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आलं असेल तर ते पान, आणि जन्माची ॲफिडेव्हिट, सगळं एकाच पाकिटात ठेव. ॲफिडेव्हिटवर सही करणारे तिचे मामा आता नाहीत. तो कागद पुन्हा होणे नाही.

कोपरे कापलेले जुने पासपोर्टही जप. एन-४००मध्ये परदेशवाऱ्यांच्या तारखा भराव्या लागतात, त्या शिक्क्यांवरून जुळवता येतात. कोरी पानं धरून सगळं स्कॅन कर. पुढे नागरिक झालास की भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागेल. त्याचं प्रमाणपत्र ओसीआयच्या अर्जाला लागतं, तेही याच फायलीत जाऊ दे.

स्कॅन दोन ठिकाणी ठेव आणि एक जागा सूनबाईला माहीत असू दे. तुम्ही पुरुष पासवर्ड डोक्यात ठेवता. मूळ कागद लॅमिनेट करू नकोस. ग्रीन कार्ड मात्र घरी ठेवायचं नाही, अठरा वर्षांपुढच्या प्रत्येकानं ते जवळ बाळगावं असा कायदाच आहे. घरी दोन्ही बाजूंची प्रत पुरे.

आणि सोशल सिक्युरिटी कार्ड बघ. परवानगी असेल तरच काम करता येईल अशी ओळ त्यावर छापलेली असेल, तर ग्रीन कार्ड घेऊन त्यांच्या ऑफिसात जा. ती ओळ नसलेलं कार्ड मिळतं, फुकट.