रिंग आठवर, पाती चारवर

आजीच्या पंच्याहत्तरीला अंगणात काढलेल्या ग्रुप फोटोंपैकी एकही धड नाही. तिची मोतिया रंगाची नऊवारी फोटोत नुसता पांढरा डाग झाली आहे. काठ तेवढे दिसतात, पदराच्या चुण्या गेल्या. कपाळ आणि नाकाचा शेंडाही जळाला. चार पिढ्यांची बत्तीस माणसं अशी पुन्हा जमायची नाहीत, हे त्या दुपारी सगळ्यांनाच ठाऊक होतं. कॅमेरा माझ्या हातात होता, म्हणून हे मीच सांगायला हवं.

लेन्स बाबांची. रोलच्या काळातली, ५० एमएम, एफ/१.८, पूर्ण हाताने चालवायची. माझ्या डीएसएलआरवर ती नीट बसते, मीटरही चालतो. मेन्यूत फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर भरलं की झालं. सकाळी देवघरात समईच्या उजेडात रिंग १.८ वर ठेवून मी आजीचे फोटो काढले. स्क्रीनवर मोठे करून पाहिले, सुरेख आले होते. माझा लेन्सवर विश्वास बसला तो तिथे. दुपारी अंगणात मागच्या ओळीतलेही स्पष्ट यावेत म्हणून रिंग ८ वर नेली. मीटर बरोबर दाखवत होता. उन्हात स्क्रीन दिसेना, आत पानं वाढली होती, मी पटापट फोटो घेतले आणि तेही जेपेगवर. रात्री कॉम्प्युटरवर पाहिलं तर सगळे ओव्हर. शिवाय सारखे ओव्हरही नाहीत: एक दीड स्टॉप, पुढचा दोन, तिसऱ्याची आणखी वेगळीच तऱ्हा.

दोन दिवस मी मीटरलाच दोष देत होते. मग कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे गेले. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेन्स काढली, रिंग १६ वर लावली, खिडकीसमोर धरली आणि मागची छोटी दांडी नखाने सरकवून सोडून दिली. अ‍ॅपर्चरची पाती मिटली, पण अडखळत. शेवटचं अंतर तर पात्यांनी डोळ्यांदेखत कापलं. दोन पात्यांवर पावसाळी डबक्यात पेट्रोल पसरल्यावर दिसतात तसे रंग होते.

“माळ्यावर होती का गं?” त्यांनी विचारलं. होती. पत्र्याखालच्या माळ्यावर, कित्येक उन्हाळे. उष्णतेने फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल झिरपत पात्यांवर येतं.

डीएसएलआर प्रकाश मोजतो तेव्हा लेन्स पूर्ण उघडी असते. रिंग ८ वर आहे हे कळल्यावर तो हिशेब करतो: मिटल्यावर इतका प्रकाश कमी होणार, म्हणजे शटर इतकं. बटण दाबलं की तो दांडी सोडतो, आणि शटर उघडायच्या आत स्प्रिंगने पाती मिटलेली असायला हवीत. माझी पाती चारच्या आसपासच पोचत होती. आठऐवजी चार म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश. सकाळी १.८ वर पात्यांना हलायचंच नव्हतं, म्हणून ते फोटो चांगले आले.

मला सर्वांत चटका लावून गेली ती काकांची पुढची गोष्ट. ही लेन्स बाबांच्या वेळीच आळसावली असेल आणि कुणाला पत्ताही लागला नसेल. कलर निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त प्रकाश सहज पचतो, आणि प्रिंट काढणारा उरलेलं सांभाळून घेतो. सेन्सरचं तसं नाही. तो एकदा भरला की पांढरा. त्यापलीकडचा तपशील नोंदलाच जात नाही. रॉ फाइल असती तर थोडं वाचलं असतं, पण नऊवारीच्या चुण्या परतल्या असत्या असं मला वाटत नाही.

म्हणून जुनी लेन्स हाती आली की तिला आधी भिंतीसमोर न्या. साधी, रंग एकसारखा असलेली भिंत, हलता उजेड नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ ठरावीक, ऑटो आयएसओ बंद. सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरपासून १६ पर्यंत प्रत्येक आकड्यावर तीन-तीन फोटो घ्या आणि हिस्टोग्राम पाहा. डोंगर सगळीकडे जवळपास एकाच जागी हवा. रिंग फिरवत जाल तसा तो उजवीकडे सरकला, किंवा एकाच आकड्यावरच्या तीन फोटोंत हलला, तर पाती तपासा.

अ‍ॅडॅप्टरवर बसवलेल्या लेन्सचं गणित वेगळं. तिथे पाती आधीच मिटलेली असतात, त्यामुळे आळसाचा प्रश्न येत नाही. पण डीएसएलआरचा मीटर व्ह्यूफाइंडरच्या काचेवरून प्रकाश मोजतो, आणि आजकालच्या काचा साध्या झूम लेन्सना उजळ दिसाव्यात अशा घडवलेल्या असतात. १.४ किंवा २ वर कडेने येणारे तिरपे किरण त्या काचेवर पुरते उमटत नाहीत, म्हणून आकडा बदलला की मीटरची चूकही बदलते. लाइव्ह व्ह्यूमध्ये किंवा मिररलेसवर सेन्सरच मोजतो, तेव्हा ही अडचण राहत नाही. एम४२ आट्यांच्या लेन्सला मागे पिन असेल तर ती दाबणारा अ‍ॅडॅप्टर घ्या, नाहीतर ऑटोवर ठेवलेली लेन्स कायम उघडीच राहते. हेलिओस ४४-२ ला पिनच नाही, ती निर्धास्त वापरा. निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या, न बदललेल्या लेन्स मात्र डी७००० सारख्या बॉडीवर जोर लावून बसवू नका. कडेची नाजूक खिट्टी मोडते.

वेगवान लेन्सबद्दलही एक सांगते. एफ आकडा ही भूमिती आहे; काचेतून खरोखर किती प्रकाश पार होतो ते त्यात नाही, म्हणून सिनेमावाले टी-स्टॉप वापरतात. शिवाय सेन्सरचे पिक्सेल खोलगट, त्यांना फार तिरपे किरण झेपत नाहीत. मॅन्युअलवर २.८ वरून १.४ वर गेल्यास चौपट प्रकाश मिळायला हवा, हाती त्याहून थोडा कमी येतो. इलेक्ट्रॉनिक लेन्स असेल तर काही कॅमेरे ही तूट आतल्या आत गेन वाढवून भरून काढतात. जुन्या लेन्सची ओळखच कॅमेऱ्याला नसते, तेव्हा तूट तुम्हालाच भरावी लागते. शटर थोडं सैल करा, आयएसओला हात लावण्याआधी.

काकांनी पाती सुटी करून धुतली. आता दांडी सोडली की ती टच्‌कन मिटतात. लेन्सच्या झाकणाच्या आत मी चिकटपट्टीवर त्या दिवसाची तारीख लिहिली आहे. दर वर्षी पावसाळा सरला की भिंतीसमोर बसते, आणि सगळं ठीक निघालं तर तिच्याखाली नवी तारीख घालते.