प्रवरेचे पाणी आणि परळीची वीज

दगडी कोळसा जाळून वीज करतात त्या ठिकाणाला औष्णिक विद्युत केंद्र म्हणतात. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला असे केंद्र आहे. ते 1971 साली सुरू झाले. तेव्हाचे संच आता बंद झाले, 250 मेगावॅटचे 3 नवे संच आहेत. मावशीकडे जाताना मी एसटीतून त्याची धुरांडी पाहिली. लईच उंच आहेत.

कोळशाच्या खाणी चंद्रपूर, वणीकडे आहेत. कोळसा मालगाडीने येतो. तो पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. आमचे मागचे बिल 40 युनिटचे होते. मी गणित केले, 30 किलो आले! आजी म्हणाली, "एवढ्यात माझी शेगडी वर्षभर चालली असती." आजीचे जरा जास्तच असते.

मला वाटायचे, कोळसा असला की झाले. पण टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचे परत पाणी करावे लागते. त्याला दुसरे गार पाणी पाहिजे. ते तापले की मोठ्या मनोऱ्यांत गार करतात. मनोऱ्यातून पांढरे निघते तो धूर नाही, वाफ आहे. तेवढे पाणी रोज उडून जाते.

हे पाणी गोदावरीच्या खडका बंधाऱ्यातून येते. तिथे कमी पडले तर जायकवाडी किंवा माजलगाव धरणातून सोडतात. जायकवाडीत कुठून येते? गुरुजींनी नकाशावर नदीने वर जायला सांगितले. पैठणवरून निघालो, प्रवरासंगमला वळलो आणि बोट आमच्याच गावापाशी आले!

2013 साली आणि परत 2015 साली दुष्काळात पाणी नव्हते म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले.

2023 च्या नोव्हेंबरात आपल्याकडच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले. तेव्हा मी दुसरीत होतो. बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या. मधे कोणी पाणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीजही बंद केली. वडील बांधावर बसून वाहते पाणी बघत होते. आमचा ऊस त्या साली निम्माच निघाला.

मी वडिलांना विचारले, परळीला पाणी द्यावे का? ते म्हणाले, "वीज नसली तर विहिरीतलं तरी कसं काढायचं? पण आमचं पीक जळलं त्याचं काय?"

मावशीला फोनवर हेच विचारले. ती म्हणाली, "2015 ला आम्ही प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायचो रे."