हात मोडला तर

मुलांनो, शाळा सुटल्यावर आपल्या केबिन रोडवर किती गर्दी होते, हे तुम्हाला सांगायला नको. रिक्षा, भाजीच्या गाड्या, सायकली, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे तुम्ही! गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी सातवीतला एक मुलगा दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरला. पडताना त्याने हात टेकला. तो उठला तेव्हा त्याचे मनगट वाकडे दिसत होते.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. मी पोहोचेपर्यंत माणसे जमली होती. एकजण म्हणाला, "तेल लावून चोळा." दुसरा म्हणाला, "ओढा, सरळ होईल." तो हात धरायला पुढेही सरसावला. तेवढ्यात त्या मुलाची आठवीतली बहीण मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "नको चाचा, ओढू नका!"

ती माणसे दयाळूच होती. पण त्या वेळी त्यांच्या दयेपासूनच हात वाचवायचा होता. मोडलेल्या हाडाचे टोक धारदार असते. ओढाताण केली तर ते आतल्या रक्तवाहिनीला किंवा मज्जातंतूला इजा करू शकते. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ भाग असतो. त्याला धक्का बसला तर हाडाची वाढ वाकडी होऊ शकते. म्हणून हाड बसवणे हे डॉक्टरांचे काम आहे, आपले नव्हे.

आणखी एक गैरसमज आहे. "बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत आहे," असे लोक म्हणतात. हे खरे नाही. झाडाची कोवळी फांदी वाकवली तर ती एका बाजूने चिरते, पण तुटून वेगळी होत नाही. मुलांचे हाड पुष्कळदा असेच मोडते. हात सरळ दिसतो, बोटेही हलतात. फक्त सूज येते आणि हात लावला की मूल कळवळते. अशा वेळी 'मुरगळला असेल' म्हणून घरी बसू नये. एक्स-रे काढल्यावरच खरे काय ते कळते.

मग आपण काय करायचे? उर्दूत ज्याला 'इब्तिदाई तिब्बी इमदाद' म्हणतात, त्याला मराठीत 'प्रथमोपचार' म्हणतात. त्याचा अर्थ सोपा आहे: डॉक्टर भेटेपर्यंत इजा वाढू द्यायची नाही. त्या बहिणीने आधी भावाला खाली बसवले. त्याच्या हातातले घड्याळ हळूच काढले, कारण सूज चढली की घड्याळ, अंगठी, बांगडी रुतून बसते. मग दुकानदाराकडून वर्तमानपत्र मागून त्याची जाड घडी केली आणि ती हाताखाली आधार म्हणून ठेवली. हात जसा होता तसाच ठेवला. घडी दुखऱ्या जागेच्या अलीकडे व पलीकडे रुमालाने सैलसर बांधली. दुखऱ्या जागेवर गाठ मारली नाही. शेवटी दुपट्ट्याची झोळी करून हात छातीशी घेतला. कोपर दुखावले असते, तर मात्र ते वाकवण्याचा हट्ट करायचा नसतो.

पट्टी आवळून बांधणे फार धोक्याचे असते. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली दाखवून दिले होते की, घट्ट पट्टीमुळे रक्त थांबले तर स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. पडल्यामुळे नव्हे, बांधल्यामुळे हात गेला! म्हणून थोड्या थोड्या वेळाने बोटे पाहावीत. ती थंड किंवा निळसर झाली, त्यांना मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच सैल करावी आणि रुग्णालय गाठण्याची घाई करावी.

जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावे. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. पडलेल्याला पाणी पाजायची आपली जुनी सवय आहे, पण येथे ती आवरावी. हाड बसवण्यासाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

हात मोडलेल्या मुलाला रिक्षातून नेता येते. पाय मोडला असेल तर त्याला उभे करू नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर मुळीच हलवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून या क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. फोनवर पत्ता सांगताना 'भाईंदर पूर्व, केबिन रोड' एवढ्यावर थांबू नका. जवळच्या दुकानाची किंवा इमारतीची खूण सांगा.

त्या मुलाच्या मनगटाजवळचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी ते बसवून प्लास्टर घातले. आता तो पुन्हा क्रिकेट खेळतो, आणि त्याची बहीण पायऱ्यांवरून पळू नकोस म्हणून त्याच्यावर ओरडते.

उद्या मराठीच्या तासाला प्रत्येक बाकावर एक दुपट्टा किंवा मोठा रुमाल आणि एक जुने वर्तमानपत्र आणा. आधी एकमेकांचे हात बांधून पाहू, मग तीच कृती पाच वाक्यांत लिहू.