सोपाऱ्याची शिळा काय सांगते?



मुंबईच्या उत्तरेस नालासोपारा आहे. प्राचीन काळी हे सोपारा नावाचे मोठे बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे अशोकाचे शब्द आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही कोरलेले होते.

या आठव्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. येथे विहार म्हणजे मौज, आणि त्या मौजेत मुख्य खेळ शिकारीचा. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. तेव्हापासून विहारयात्रा बंद होऊन धम्मयात्रा सुरू झाली. वृद्धांची भेट, दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोलणे, हे तिचे काम. एक शब्द गेला व दुसरा आला. पण त्याबरोबर राजाचा छंद बदलला आणि रानातल्या मुक्या जनावरांवरचे एक संकट टळले.

लोकांच्या बोलीत

अशोकाने हे विद्वानांच्या संस्कृतात लिहिले नाही; लोकांच्या प्राकृतात लिहिले. वायव्येकडे लिपी खरोष्ठी घेतली, कंदाहारला भाषा ग्रीक व अरमाईक घेतली. तथागतांनीही आपला उपदेश वेदांच्या छंदोबद्ध भाषेत घालण्यास नकार देऊन, ज्याने त्याने तो आपापल्या बोलीत शिकावा अशी अनुज्ञा दिली होती. अशोक त्याच वाटेने गेला.

त्या काळी वाचता येणारे थोडेच असणार. म्हणून कलिंगातील धौली व जौगड येथील लेखांत आज्ञा आहे की, ठरलेल्या दिवशी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा, अधूनमधूनही वाचावा, ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचावा. लेख कोरून काम संपत नाही. तो कानावर पडला पाहिजे.

नाव घेतले की जीव दिसतो

पाचव्या स्तंभलेखात, अभिषेकानंतर २६ वर्षांनी, अशोकाने अवध्य प्राण्यांची यादीच दिली आहे. तीत पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर आहेत. पुढे म्हटले आहे की, जो माणसाच्या उपयोगाचा नाही व खाल्लाही जात नाही, असा कोणताही चार पायांचा प्राणी मारू नये. गाभण व दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये. ज्यात जीव आहेत असा भुसा पेटवू नये. विनाकारण अथवा जीवहत्येसाठी रान जाळू नये.

विचार करा. आपण भुसा म्हणतो तेव्हा आपल्याला भुसाच दिसतो. 'जीव असलेला भुसा' म्हटले की हातातील काडी थांबते. आपल्याकडे ऊस तुटल्यावर फडातले पाचट पेटवतात, उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावतात. त्यात टिटवीची अंडी, सरडे, गांडुळे यांचे काय होते, हे बोलण्यात येत नाही म्हणून मनातही येत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग मांसाहार सोडावा काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अशोकाचा लेखही सरसकट बंदी घालीत नाही. तो निष्कारण हिंसेला आळा घालतो. यात सोवळेपणा नाही, करुणा आणि विवेक आहे.

अक्षर आणि कृती

आपल्या वाडवडिलांना अक्षरही नाकारले गेले आणि पाणीही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो ज्यांचा आवाज दाबला होता त्यांच्यासाठी. माणसाची आणि झाडाझुडपांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. पण मुकेपणाचे दुःख ज्याने भोगले, त्याच्या लेखणीने ओढ्याची, झाडाची, पाखराची बाजू मांडली नाही तर कोणाच्या लेखणीने मांडावी?

मात्र नुसत्या कागदावर विसंबू नये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. बाबासाहेब व हजारो माणसे २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर गेली, तेव्हा त्या अक्षरांत प्राण आला. संविधानात १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या ५१-क या अनुच्छेदात वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. तेही आपल्या वागण्यात उतरले पाहिजे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. मुलांनी आजी-आजोबांना विचारून शिवारातील झाडे, पाखरे व गवते यांची आपल्या बोलीतील नावे तीत लिहावीत. विहीर कोणत्या महिन्यात आटली, कोणते झाड तोडले, कोणते लावले, हेही लिहावे. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एकाने ते मोठ्याने वाचावे. ऐकणारा एकच असला तरी वाचावे. आणि जे वाचले त्यातील एक काम पुढच्या पौर्णिमेपर्यंत करून दाखवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विहारयात्रा व धम्मयात्रा यांत फरक कोणता?
२. धौलीचा लेख मोठ्याने वाचण्याची आज्ञा का दिली असावी?
३. आपल्या गावात निष्कारण जाळले, तोडले वा मारले जाते असे काय आहे? ते थांबविण्यासाठी विहारात लावायची पाटी चार ओळींत लिहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!