बाहुलीची साक्ष

काचबिंदूत नजर बहुधा कडेकडून जाते. समोरचा माणूस स्पष्ट दिसतो, बाजूने येणारी बैलगाडी दिसत नाही. त्यामुळे रुग्ण उशिरा येतो आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. रुग्णाच्या भावंडांनी व मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या तपासणीत समोरच्या बिंदूवर नजर खिळवून, आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका दिसताच बटण दाबायचे असते. थकलेल्या वृद्धांना हे साधत नाही. हिशेबाच्या वह्यांत हयात गेलेल्या प्रस्तुत लेखकालाही पहिल्या वेळी साधले नव्हते. बाहुली मात्र प्रकाश पडताच आपोआप आकुंचन पावते. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेतात. ज्या डोळ्याच्या नसेला अधिक इजा असेल, त्यावर प्रकाश येताच बाहुल्या आकुंचन पावण्याऐवजी विस्फारतात. लेव्हॅटिन यांनी १९५९ साली ही पद्धत मांडली. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील, तर मात्र ती फसते. नव्या यंत्रांत दृष्टिक्षेत्राच्या एकेका भागात प्रकाश दाखवून कॅमेरा बाहुलीची हालचाल टिपतो. तथापि नेहमीच्या तपासणीची जागा त्यांनी अद्याप घेतलेली नाही.

२०१७ मधील फवारणीची विषबाधा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि अशी बाहुली तपासणीत योग्य साक्ष देत नाही. तेव्हा फवारणी करून आलेल्या शेतकरी बांधवांनी ते डॉक्टरांना प्रथम सांगावे. डोळ्यांत कोणते थेंब घालतो, तेही सांगावे.