बंदुकीचा उलटा धक्का

नववीच्या वर्गात न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दारूच्या जोराने गोळी पुढे जाते हे समजले, पण बंदूक मागे का येते? तिला मागे कोण ढकलते?" प्रश्न लहान होता, परंतु उत्तर देता देता तास संपला आणि बरेच सांगावयाचे राहून गेले. ते राहिलेले उत्तर येथे पुरे करण्याचा विचार आहे.

माझे बालपण तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्हे भागातील एका खेड्यात गेले. आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. भात व नाचणी यांच्या राखणीकरिता त्यांच्याजवळ परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. रात्री रानडुकरे शेतात शिरली म्हणजे तात्या हवेत बार काढीत आणि डुकरे पळून जात. एकदा त्यांचा पुतण्या शहरातून आला. अंगापिंडाने तो चांगला धिप्पाड होता. त्याने हौसेने बंदूक मागून घेतली, ओढ्यापलीकडच्या दरडीवर नेम धरला. परंतु दस्ता खांद्याला लागेल या भीतीने त्याने तो खांद्यापासून दोन बोटे दूर ठेवला. बार उडाला. छर्रे दरडीच्या वरून कोठे गेले ते समजले नाही, आणि दस्ता मात्र खांद्यावर असा आदळला की पुढे आठ दिवस त्याला हात वर करता येईना. तात्या अंगाने अगदी किरकोळ होते. त्यांनी तीच बंदूक पुन्हा भरली, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसविला आणि शांतपणे बार काढला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. ते एवढेच म्हणाले, "दूर धरशील तर मारील, जवळ धरशील तर नुसती ढकलील."

तात्यांनी न्यूटनचे नाव ऐकले नव्हते. तथापि त्यांच्या या एका वाक्यात सारे शास्त्र आले आहे. ते कसे, हे आता पाहू.

भाटघरच्या जलाशयात होडीतून काठावर उडी मारणारा मनुष्य पुढे जातो व होडी मागे सरते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उडी मारणारा होडीला मागे रेटतो म्हणूनच त्याला पुढे जाता येते. बंदुकीचेही तसेच आहे. नळीच्या आत दारू पेटली म्हणजे तिचा वायू होतो. तो वायू जितक्या जोराने गोळीला पुढे लोटतो, तितक्याच जोराने बंदुकीला मागे लोटतो. वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. गोळीला पुढच्या दिशेने जेवढा संवेग मिळतो, तेवढाच बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो. यासच बंदुकीचा प्रतिक्षेप किंवा उलटा धक्का म्हणतात.

उदाहरणार्थ, छर्ऱ्यांचे वजन ३० ग्रॅम व वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर संवेग १०.५ येतो. बंदूक ३ किलोग्रॅमची असेल आणि तिला मागे काहीच आधार नसेल, तर ती सेकंदाला ३.५ मीटर वेगाने मागे येईल. पुतण्याच्या खांद्यावर दस्ता आदळला तो अशा वेगाने. परंतु दस्ता खांद्याशी घट्ट असला म्हणजे बंदूक एकटी राहत नाही. खांदा, छाती व पाठ यांचे वजन तिला मिळते. असे एकंदर २० किलोग्रॅम जरी धरले, तरी वेग अर्ध्या मीटरवर येतो. संवेग तोच, पण आदळण्याचे रूपांतर ढकलण्यात होते.

आपल्या डोंगरी किल्ल्यांवरील शिपायांनाही ही अडचण होतीच. जेजाला नावाच्या लांब व जड बंदुका तटावर टेकवून उडवीत. त्यांचा धक्का माणसाच्या खांद्याने सोसण्याजोगा नसल्यामुळे त्याचा भार तटावर टाकीत. चाकांच्या गाड्यावर बसविलेली तोफ उडाली म्हणजे गाडा मागे पळे आणि गोलंदाजांना ती पुन्हा जागेवर आणावी लागे. पुढच्या सहलीत राजगडावर पद्मावती माचीवरील दारूकोठार पाहाल, तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवा.

आता या नियमाची कठीण परीक्षा पाहू. मोठ्या भोकाचे शिकारी रिव्हॉल्व्हर म्हणून एक हत्यार आहे. १९५५ साली अमेरिकेत '४४ मॅग्नम' हे जोरदार काडतूस निघाले. पुढे २००३ साली अर्ध्या इंचाच्या गोळीचे त्याहूनही जबर काडतूस आले. त्या देशात पुष्कळ ठिकाणी हरिण व रानडुक्कर यांची शिकार अशा रिव्हॉल्व्हरने कायद्याने करता येते. ४४ मॅग्नमची गोळी सुमारे साडेपंधरा ग्रॅमची असते व तिचा वेग सेकंदाला ४२० मीटरच्या आसपास असतो; म्हणजे संवेग सुमारे साडेसहा. हा तात्यांच्या बंदुकीच्या संवेगाहून कमीच आहे. परंतु रिव्हॉल्व्हरचे वजन १.३ किलोग्रॅम धरल्यास ते सेकंदाला ५ मीटर वेगाने मागे येते. गोळीमागून बाहेर पडणाऱ्या दारूच्या वायूचा हिशेब यात धरलेला नाही. तो धरल्यास वेग आणखी वाढतो. नेमबाजीच्या स्पर्धेतील लहान पिस्तुलाशी तुलना केली, तर या धक्क्याची ऊर्जा सुमारे पन्नास पट भरते.

शिवाय येथे खांद्याचा आधार नाही. सारा भार मुठीवर येतो. नळी मुठीच्या वर असल्यामुळे धक्का सरळ मागे न येता हत्यार फिरते व त्याचे तोंड वर उसळते. तेव्हा जाणते लोक ते कसे हाताळतात?

प्रथम उभे राहणे. पाय खांद्यांइतके अंतर सोडून, एक पाय किंचित मागे, गुडघे सैल आणि शरीराचा भार थोडा पुढे. नवशिका मनुष्य भीतीने मागे रेलतो. त्यामुळे धक्का बसताच त्याचा तोल जातो.

दुसरी गोष्ट पकड. मूठ शक्य तितकी वर धरावी, म्हणजे नळीची रेषा हाताच्या जवळ येते व उसळी कमी होते. दोन्ही हात लावावेत. पकड घट्ट असावी, पण हात थरथरेल इतकी नव्हे. रिव्हॉल्व्हरचे गोळ्यांचे फिरते चक्र व नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. बार उडताना तीतून तप्त वायू सुरीसारखा बाहेर पडतो व बोट कापू शकतो. म्हणून कोणतेही बोट त्या फटीजवळ असता कामा नये.

तिसरी गोष्ट कोपर. ते किंचित वाकलेले व लवचिक ठेवावेत, म्हणजे हात वर उसळून पुन्हा खाली येतात. धक्क्याशी झुंजू नये. त्याला वाट द्यावी. क्रिकेटचा चेंडू झेलणारा खेळाडू हात मागे घेत झेलतो, त्यातले मर्म हेच. तोच थांबण्याचा काळ वाढला म्हणजे बल कमी होते. मात्र हात इतके ढिले नसावेत की हत्यार कपाळावर येऊन आदळेल. असे अपघात झालेले आहेत.

चौथी गोष्ट संख्या. नवशिक्याच्या चक्रात एकच काडतूस भरतात. कारण धक्क्याने हात उसळून पुन्हा आवळला गेला, तर नकळत चाप ओढला जाऊन दुसरी गोळी भलत्याच दिशेस सुटते. कान व डोळे झाकण्याची साधने तर अवश्यच हवीत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. इतके करूनही नेम चुकतो, आणि तो बहुधा खाली जातो. हत्यार तर वर उसळते. मग गोळी खाली का? याचे उत्तर गणितात आहे. नळी १५ सेंटिमीटरची असेल, तर गोळी हजारांश सेकंदापेक्षाही कमी काळात बाहेर पडते. तेवढ्यात रिव्हॉल्व्हर किती मागे सरकते? गोळी त्याच्याहून सुमारे चौऱ्याऐंशी पट हलकी. म्हणून गोळी १५ सेंटिमीटर जाते तेव्हा रिव्हॉल्व्हर जेमतेम दोन मिलिमीटर सरते. डोळ्यांना दिसणारी मोठी उसळी गोळी निघून गेल्यानंतरची असते. या दोन मिलिमीटरांत जी थोडी उसळी होते, ती पकड सारखी राहिल्यास दर वेळी सारखीच होते, व तिचा हिशेब माशी बसवतानाच केलेला असतो.

तेव्हा धक्का नेम चुकवीत नाही. धक्क्याची भीती नेम चुकविते. चाप ओढण्याच्या क्षणी मन म्हणते, 'आता बसणार!' आणि मनगट आधीच खाली दाबले जाते, डोळे मिटतात, खांदे आक्रसतात. जे संकट अजून आलेले नाही, त्याला उत्तर देण्याच्या गडबडीत हातातले काम बिघडते. तात्यांच्या पुतण्याचेही हेच झाले. दुखू नये म्हणून त्याने बंदूक दूर धरली, आणि म्हणूनच त्याला अधिक दुखले.

या भीतीवर शिक्षकांनी एक युक्ती काढली आहे. चक्रात काही खरी व काही रिकामी काडतुसे मिसळून ते शिष्याच्या हाती देतात. कोणते केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते. रिकामे काडतूस आले म्हणजे बार होत नाही, धक्का बसत नाही. तरीही हत्याराचे तोंड खाली गेलेले सर्वांना दिसते. शिष्याला आपला दोष आपल्याच डोळ्यांनी दिसतो. मग तो चाप हळूहळू, बार केव्हा उडेल याची वाट न पाहता दाबावयास शिकतो. लहान काडतुसापासून आरंभ, थोडे बार, आणि हात थकताच विश्रांती, हा क्रम कोणी मोडू नये.

आपल्या महाराष्ट्रातील नेमबाजही याच क्रमाने वर आले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या हत्यारांचा धक्का लहान असतो. परंतु चाप दाबताना मन स्थिर ठेवण्याची विद्या एकच आहे. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे मैदान आहे. ज्यांना गोडी असेल त्यांनी ते पालकांसह पाहून यावे.

पालकांस एक विनंती. हा लेख हत्यारांची हौस लावण्यासाठी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडील शिकारीचा काळ संपला. भोर-वेल्ह्याच्या रानातील जनावरे आता आपण राखावयाची आहेत. ज्यांच्या घरी राखणीची बंदूक आहे, त्यांनी ती कुलपात ठेवावी व दारू वेगळी ठेवावी. मुलाला शास्त्र शिकावयाचे असेल, तर त्याला होडी, चेंडू व फुगा पुरेसे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रहो, त्या दिवशी ज्याने प्रश्न विचारला, त्याचा स्वर किंचित कापत होता. सारे हसतील अशी त्याला भीती होती. तरी त्याने विचारले, आणि कोणीही हसले नाही. प्रश्नाचा धक्का बसतो तो नंतर. आधी चाप नीट दाबावा. परीक्षेच्या दालनात, सभेच्या व्यासपीठावर, किंवा घरी एखादी चूक कबूल करताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

अभ्यासासाठी एक उदाहरण देतो. तेच साडेपंधरा ग्रॅमची गोळी व तोच वेग धरून रिव्हॉल्व्हर २ किलोग्रॅमचे असल्यास ते किती वेगाने मागे येईल? जड हत्यार हाताला सोसवते का, ते उत्तरावरून सांगा. पुढच्या तासाला मी विचारणार आहे.